कॅप्टन शेवटी काय म्हणाला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे संचालक महोदय, त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे, जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती आमची सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या संवादलेखिका बाई, रेकॉर्डिंग, संकलन आणि हिशेब विभागातले माझे सहकारी, बाईंची घरची मंडळी, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे रसिक हो, नमस्कार.

मला चेहऱ्यानं कुणी ओळखत नाही, ते एक बरं आहे. मी ‘पंचकवच’ मालिकेतल्या लाल कॅप्टनचा आवाज. टेलिफोनवर राँग नंबर लागला तरी समोरचा माणूस दोन क्षण थांबतो आणि विचारतो, ‘आपण कॅप्टन का हो?’ मी हो म्हणतो. मग तो पोराला बोलावतो. आता ती पोरं चाळिशीकडे झुकली आहेत, तेव्हा हल्ली पोराचं पोर येतं फोनवर.

तर मी भाषण लिहून आणलं होतं. चांगलं झालं होतं हो. बायकोला वाचून दाखवलं, तिनं एकदाच जांभई दिली. पण मघाशी दिवे मालवून आपण पडद्यावर मालिकेच्या दोन शेवटांची ती दृश्यं पाहिली, आणि माझ्या भाषणाची पार वाट लागली. हे माझ्या कागदावरचं पहिलं वाक्य ऐका: ‘बाईंनी मूळ कलाकृतीचा मान आयुष्यभर राखला, एका शब्दाचाही फेरफार केला नाही.’ आता हे मी वाचावं की गिळावं? हसू नका, मी खरोखर विचारतोय.

त्या काळी ज्यांच्या घरात लहान मूल नव्हतं, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘पंचकवच’ ही मूळची जपानी मालिका. पाच रंगांची कवचं घातलेले पाच वीर, आणि दर आठवड्याला एक नवा राक्षस. तिकडून चित्र यायचं आणि सोबत संवादांचं शब्दशः भाषांतर. ते भाषांतर फक्त बाईंच्या टेबलावर जायचं. त्यावरून बाई आपल्या भाषेत संवाद लिहायच्या आणि आम्ही ते म्हणायचो. यात मेख अशी, की पाचही जणांच्या डोक्यावर हेल्मेट. ओठच दिसत नाहीत. मग बोलतंय कोण हे पोरांना कळावं म्हणून तिकडचे नट शब्दाशब्दाला मान हलवतात. बाईंचं काम, त्या हलणाऱ्या मानेत वाक्य बसवायचं. त्यासाठी त्या टेबलाशी बसून स्वतः मान हलवायच्या, बोटांनी टेबल वाजवायच्या, पुटपुटायच्या. एक नवीन हिशेबनीस आला होता, त्यानं हे पाहिलं आणि घाबरून डोकेदुखीची गोळी आणून दिली. बाईंनी ती मुकाट्यानं घेतली. म्हटलं, ‘बाई, डोकं कुठे दुखतंय तुमचं?’ तर म्हणाल्या, ‘एवढ्या काळजीनं आणली त्यानं, नाही कसं म्हणू?’ अशा आहेत आमच्या बाई. कुणाचं मन मोडायचं म्हटलं की यांच्या अंगावर काटा येतो.

आता त्या दोन शेवटांकडे येऊ. कारण माझा गोंधळ तिथेच आहे.

आपला शेवट तुम्हाला पाठ असेल. समुद्रातला किल्ला बुडतोय. दरवाजा फक्त आतून बंद होतो. कॅप्टन बाकीच्या चौघांना बाहेर काढतो, पहारेकऱ्याच्या लहान मुलालाही बाहेर ढकलतो आणि म्हणतो, ‘पुढे व्हा, मी आलोच.’ दरवाजा बंद. पाणीच पाणी. आणि मग धुरातून कॅप्टन चालत येतो. माझा आवाज: ‘उशीर झाला, पण आलो.’ समाप्त. त्या दिवशी गल्लीगल्लीत पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. फक्त माझ्या भाच्यानं शंका काढली, की मामा, लढाईत कॅप्टनचं खांद्याचं कवच तुटलं होतं, मग धुरातून आला तेव्हा ते धड कसं? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘त्याला सांग, घरी जाऊन बदलून आला.’ भाच्याला पटलं. मलाही पटलं, माझं वय तेव्हा पस्तीस होतं.

आज कळलं, खांदा धड का होता. तो धूर मधल्याच कुठल्यातरी भागातला. तिथला कापला आणि इथे जोडला. जपान्यांच्या शेवटात कॅप्टन येतच नाही. तिथे तो दरवाजा बंद करायच्या आधी खाली बसतो आणि हेल्मेट काढतो. अख्ख्या मालिकेत एकदाच. ज्याचा आवाज म्हणून मी म्हातारा झालो, त्याचा चेहरा मी आज पहिल्यांदा पाहिला. काय कोवळा पोरगा आहे हो. मला तर तो माझ्याएवढा वाटायचा. तो त्या लहान मुलाच्या डोळ्यांत बघून काहीतरी सांगतो, बराच वेळ सांगतो. मग दरवाजा लागतो. मुलगा थोडा वेळ उभा राहतो आणि पाठ फिरवून घराकडे चालायला लागतो. संपलं. तो काय सांगतो ते तुम्हाला कळलं का? मलाही नाही. जपानीत आहे, आणि खाली अक्षरं नव्हती.

हे जुनं रीळ शोधलं कुणी, तर आमच्या बारक्यानं. बारक्या म्हणजे बाईंचा मुलगा, आपल्याच संकलन विभागात आहे. नावाचा बारक्या, दारातून वाकून येतो. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, निळ्या शर्टात. बारक्या, मान खाली घालू नकोस, सगळ्यांनी पाहिलं तुला.

आपल्याला ठाऊक आहेच, मालिका नव्यानं रेकॉर्ड करून पुन्हा दाखवायची ठरली आहे. बारक्याचं म्हणणं, या खेपेला मूळ शेवट दाखवू. संचालक साहेबांचं म्हणणं, बाई हो म्हणतील तरच, त्यांच्या कामाला त्यांच्या मर्जीविरुद्ध हात लावायचा नाही. हे योग्यच आहे, साहेब. आणि बाईंचं म्हणणं काय? बाई काही म्हणतच नाहीयेत. विषय काढला की चहा मागवतात. परवा सकाळी मला स्टुडिओत उभं राहायचंय आणि माझ्यासमोर कुठला कागद येणार, हे मला अजून माहीत नाही. तुम्ही म्हणाल, मुलांची मालिका ती, येवो नाहीतर न येवो कॅप्टन, काय फरक पडतो? मीही तेच म्हणत होतो, मघाच्या चहापर्यंत.

चहाच्या वेळी बारक्या माझ्याजवळ आला. पुढचं मी त्याच्या परवानगीनं बोलतोय. बाई, तुमची परवानगी घेतलेली नाही. रागवायचं तर उद्या घरी येऊन रागवा, जेवायलाच या.

बारक्याचे वडील तो पहिलीत असताना वारले. कामावर जाताना अपघात झाला. बाईंनी त्याला सांगितलं, बाबा कामासाठी लांब गेलेत. आठवडाभरात सांगू म्हणाल्या, मग परीक्षा झाल्यावर सांगू म्हणाल्या. शाळा सुटली की तो स्टुडिओत यायचा आणि काचेपलीकडे बसून गृहपाठ करायचा. आम्हा सगळ्यांना सक्त ताकीद होती, याच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही. आमचे रेकॉर्डिस्ट तर ‘बाबांनी पाठवलंय’ म्हणून त्याला चॉकलेट द्यायचे. आणि त्याच वर्षी या मालिकेचा शेवटचा भाग आला.

बारक्या मला म्हणाला, ‘काका, बाबा नाहीत हे मला आत्येभावानं सांगितलं. खेळताना भांडण झालं, त्या रागात बोलून गेला. मी त्याला म्हटलं, कॅप्टन पण उशिराच आला होता ना? आणि पुढे कितीतरी दिवस बेल वाजली की दार मीच उघडायचो.’

मी म्हटलं, ‘अरे, मग आईला का नाही विचारलंस?’

‘ती रडेल म्हणून मी विचारलं नाही. मी रडेन म्हणून तिनं सांगितलं नाही. नंतर मी मोठा झालो, तिला कळलं की मला कळलंय, आणि विषयच संपला. पण काका, तिच्या तोंडून मी ते अजून ऐकलेलं नाही.’

आता सांगा, सज्जन हो, मी काय करू? ‘उशीर झाला, पण आलो’ हे म्हटलं कुणी? मी म्हटलं. छाती भरून म्हटलं, चांगलं झालं म्हणून बाईंनी दुसऱ्यांदा घेतलंसुद्धा नाही. त्या एका वाक्यावर हे लेकरू दाराकडे पळत राहिलं. आणि दुसरीकडे, मागच्या वर्षी बँकेत एक कारकून भेटला. माझा आवाज ऐकून उठून उभा राहिला. म्हणाला, ‘साहेब, लहानपणी मी फार आजारी होतो. तुम्ही धुरातून परत आलात ना, म्हणून मीही आलो.’ त्याला मी काय सांगू? की बाबा रे, तो धूर दुसऱ्याच भागातला होता? त्याच्या बाबतीत आपला शेवट खरा ठरला आणि बारक्याच्या बाबतीत खोटा. एकच वाक्य, एकच आवाज. मी तेव्हापासून डोकं खाजवतोय. मघाशी जपानी शेवट पाहताना मला रडू आलं आणि आपला पाहताना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, म्हणजे मी नक्की कुणाच्या बाजूचा?

मी बारक्याला एक सोपा उपाय सुचवला. म्हटलं, तो पोरगा जपानीत काय बोलतो ते कुणा जाणकाराला विचार, म्हणजे परवाचा कागद तयार. तर म्हणाला, ‘मी मुद्दाम कुणाला विचारलं नाही. आईला माहीत आहे. तिनंच सांगावं.’

म्हणून अध्यक्ष महोदय, माझी वेळ संपत आली आहे हे दिसतंय, तुम्ही घड्याळ झाकलंत तरी दिसतंय, पण मला आणखी थोडी सवलत द्या. बाई, हे सगळे सहकारी आहेत, समोर तुमचा मुलगा आहे, आणि मी तुमचा जुना नोकर आहे. काय म्हणतो हो तो?

नाही, उठू नका. बसल्या जागेवरून सांगा. तुमचा आवाज मागे पोचणार नाही. तुम्ही सांगा, मी माइकवर म्हणतो. आजवर तेच केलंय आपण.

काय? हं. तो म्हणतो, ‘मी परत येणार नाही.’

बरं. ‘हे दार कुणीतरी आतून लावायला हवं, आणि आत मीच आहे.’

हळू सांगा, बाई, घाई नाही. पाणी द्या रे त्यांना. ‘तुला माझा राग येईल. येऊ दे. मी तुझ्यावर रागावणार नाही.’

झालं? नाही, अजून असणार. त्याचे ओठ यानंतरही हलत होते, मी पाहिलंय. सांगा. मी आहे इथे.

‘आता घरी जा. आईला विचार, मी कुठे गेलो. ती तुला सगळं सांगेल.’

असं होय.

हे वाक्य तुमच्या टेबलावर आलं तेव्हा काचेपलीकडे बारक्या गृहपाठ करत बसला होता, आणि ते बोलायला तुमच्याकडे मी होतो. माझ्या आवाजाचं तो सगळं ऐकायचा. घरी जाऊन त्यानं विचारलंच असतं. बाई, मला आज कशाचाच उलगडा झालेला नाही, पण तुम्ही तो धूर कुठून आणि का आणलात, एवढं कळलं.

काय म्हणता? मोठ्यानं सांगा. बाई म्हणतायत, ‘परवा हेच घ्या. जसं आहे तसं.’ साहेब, ऐकलंत ना? हो म्हणाल्या त्या.

बारक्या, उठलास ते बरं केलंस. समोरून नको, तिथे वायरी आहेत, बाजूच्या पायऱ्यांनी ये. त्याला वाट द्या जरा. ती माझी खुर्ची रिकामी आहे, बाईंच्या शेजारची, तिथे बस. आता काय विचारायचं ते तुला कॅप्टननं सांगितलंय. विचार.

मंडळी, माझं राहिलेलं भाषण घरी नेतो. संस्थेनं हा समारंभ घडवून आणला, आपण एवढ्या संख्येनं आलात, माझं हे भरकटलेलं बोलणं शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल सर्वांचा मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाच्या घरात न विचारता शिरलो असेन, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. आता मी हा माइक बंद करतो. त्यांचं पुढचं बोलणं आपल्यासाठी नाही.