कडजाईच्या वाटेवरचा दिवा

ऐका. जागर आहे ना आज देवीचा? मग डोळे मिटायचे नाहीत. आणि ए, दाराकडं पाठ करून बसलेली, तू आत ये बाई. माझ्या आजेसासूबाईंनी सांगितलेली गोष्ट आहे, भ्यायचं तर पोटभर भ्या, पण शेवटपर्यंत ऐका. देवी आहे पाठीशी.

तर, अंधार पडल्यावर कोंडाजी गडावरून उतरायला लागला. एकटा. हातात काठी आणि पेटती चूड. गडाचा जासूद होता तो, खबर काढणारा. खाली कड्याच्या अंगाला कडजाईचं देऊळ, तिथं निघाला होता. का? तर सकाळी एका बाईचा जीव जाणार होता, म्हणून.

ती बाई म्हणजे राही. किल्लेदारांच्या घरची दासी, कपाळ पांढरं झालेली. किल्लेदारांची धाकटी सून चिमाबाई परवा देवीला म्हणून गेली ती परतलीच नाही. थोरली सून सगुणाबाई म्हणाली, "राही गेली होती तिच्याबरोबर. आणि बघा, चिमाची नथ हिच्या वाकळेत!" झालं! किल्लेदारांनी हुकूम सोडला, उजाडताच कडेलोट. राही एवढंच म्हणत राहिली, "मी गड उतरलेच नाही हो." कोण ऐकतो?

कोंडाजीनं एका रात्रीची मुदत मागितली. निघताना सगुणाबाई गडाच्या दिंडीदरवाजापर्यंत आली. दर भाऊबीजेला ओवाळायची ती त्याला, सख्ख्या बहिणीसारखी.

"दादा, वाट वाईट आहे. वळणावर मी दिवा लावून ठेवलाय. तो दिसला की सरळ त्याच्या रोखानं चालायचं."

"अक्का, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही," कोंडाजी म्हणाला.

निघाला. थोडं उतरला, आणि फूऽऽ! चूड विझली. वारा? झाडाचं पान हलत नव्हतं! अंधारात पुढं बांगड्या वाजल्या. किण्ण... किण्ण. हा थांबला की त्या थांबायच्या. हा चालला की त्या चालायच्या.

"कोण आहे?"

कुणी नाही. मग हाक आली. आणि कुणाच्या आवाजात? त्याच्या मेलेल्या आईच्या! "कोंडू, माघारी फिर रे. पुढं जाऊ नको."

अंगावर सर्रकन काटा आला. "भुताचे चाळे," म्हणाला, देवीचं नाव घेतलं आणि पुढं झाला. तेवढ्यात दिवा दिसला. लांब, पिवळा, स्थिर. अक्कानं लावलेला! जिवात जीव आला बघा त्याच्या.

पण वाटेत, अगदी मधोमध, एक बाई उभी. हिरवं लुगडं, मान खाली. पदर दोन्ही हातांनी पसरलेला, आपण ओटी घेताना पसरतो तसा. तोंड दिसेना. तिनं मान हलवली. नको. नको. नको.

कोंडाजीनं काय करावं? तिला वळसा घातला आणि दिव्याकडं धावत सुटला. सख्ख्या माणसाचा दिवा की भूत? तुम्ही तरी काय केलं असतं?

दिवा हाताशी आला, आणि कुणीतरी त्याचा पाय धरला! गार. बर्फासारखा हात! तो पालथा पडला. काठी सुटली, घरंगळत दिव्यापलीकडं गेली... आणि आवाजच नाही. किती तरी वेळानं, खूप खोल, ठक्क!

दिव्यापुढं वाट नव्हतीच. कडा होता.

कोंडाजी तसाच पडून राहिला. लामणदिवा होता तो, अक्काच्या देवघरातला. फांदीला टांगलेला. चुकून का कुणी कड्यावर दिवा टांगतं? त्याला त्या दिव्याकडं बघवेना. मरणाच्या भीतीनं नाही बरं. ओवाळणाऱ्या हातांनीच हे केलं, म्हणून.

मग त्यानं पागोटं सोडलं, दिव्याची साखळी टोकाला बांधली आणि दिवा खाली सोडला. कपारीत चिमाबाई पडली होती. पदराची दोन्ही टोकं अजून मुठींत आवळलेली. पदरात हळदीचे तांदूळ.

"पोहोचलात का दादा?"

मागं सगुणाबाई! खात्री करायला आली होती. याला जिवंत बघून जागच्या जागी खिळली.

कोंडाजी उठला. "अक्का, चिमाबाईंनी पदर पसरला होता. कुणीतरी ओटी भरत होतं त्यांची. राही विधवा. तिच्यापुढं कुठली सवाष्ण पदर पसरेल? त्यांच्या घरात दुसरी सवाष्ण एकच, तुम्ही. पदर धरलेल्या बाईला हात तरी कुठला मोकळा, काही धरायला?"

सगुणाबाई नाकारेल असं वाटलं त्याला. मनातून तसंच हवं होतं. पण ती म्हणाली, "मला तिनं चोरदिंडीपाशी पाहिलं, गनिमाच्या माणसाबरोबर. मामंजींना सांगणार होती. दादा, आजवर तुम्हांला ओवाळलं. आता ओवाळणी मागते. गप्प बसा."

"आणि राही?"

"दासी तर आहे."

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. किण्ण. दोघांच्या मधे ती हिरव्या लुगड्यातली. पदर पसरलेला. एक पाऊल सगुणाबाईकडं. आणखी एक.

"भरली ना गं तुझी ओटी! आता काय हवं तुला?" सगुणाबाई किंचाळली आणि बाजूला सरकत सरकत कड्याकडं गेली.

"अक्का, मागं कडा आहे!"

कोंडाजीनं झेप घेऊन मनगट धरलं. हो, तरीही धरलं! बांगड्या त्याच्या मुठीत फुटल्या आणि ती गेली. तोही अर्धा खाली लोंबला. पण मागून त्या गार हातांनी दोन्ही पाय धरून ठेवले, तो मागं सरकेपर्यंत.

पहाटे तो धापा टाकत गडावर, कडेलोटाच्या टोकावर पोहोचला. राहीला दोर बांधून उभी केली होती. "थांबाऽऽ!"

चिमाबाईला वर आणलं. सवाष्ण गेलेली, तिची शेवटची ओटी भरायला हवी. बायका पुढं झाल्या, तेव्हा कोंडाजी म्हणाला, "राहीला भरू द्या." किल्लेदारांनी मान डोलावली. राहीनं ओटी भरली, आणि आवळलेल्या मुठी सुटल्या म्हणतात. मी तर ही गोष्ट ऐकल्यापासून हळदीकुंकवाला कुणालाच वगळत नाही. देवीला चालतं, मग आपण कोण?

हिरव्या लुगड्यातली नंतर कुणाला दिसली नाही. सुटली बिचारी. पण ऐका, त्या वाटेनं रात्री कधी जाऊ नका. वळणावर अजून दिवा दिसतो. पिवळा, स्थिर. आणि कुणीतरी फार मायेनं हाक मारतं, "दादा, इकडं या."