महिनाभर आधी आणलेला पोळा

आम्ही यवतमाळकडचे, दारव्ह्याच्या पुढं आत एक लहान गाव आहे, नाव सांगितलं तरी तुमाले कळणार नाई, कारण एसटीच्या पाटीवर पण ते कधी लिहिलेलं नसे, कंडक्टरले सांगून फाट्यावर उतरावं लागे. माझं नाव सुमन, घरचे सुमी म्हणत. थोडी कोरडवाहू, कापूस अन् तूर, अन् एक बैलजोडी. सातवीपर्यंत शिकली. पुढची शाळा नाल्याच्या पलीकडं, नाला चढला की आठ आठ दिवस जाणं बंद, मग बाप म्हणाला पुरे झालं, अक्षर ओळखते ना, बस. मले वाईट वाटलं का म्हणाल तर वाटलं, पण भांडली नाई. त्याचं एक मात्र झालं, कुठं चार शिकलेली माणसं बसली असली की अजून माझ्या हाताले घाम येते. आता तुम्ही, ताई, माझं लिहून घ्याले वही घेऊन बसल्या तर आताही आलाच आहे, हे पाहा. पण सांगते.

बापाचं एक सांगितलं पाहिजे, तेवढं लिहा. आमच्याकडं पोळ्याले सगळ्या गावचे बैल एका तोरणाखाली उभे राहतात अन् माणसं झडत्या म्हणतात, म्हणजे यमक जुळवून दोन दोन ओळी, कोणाची चेष्टा, कोणाचं कौतुक, अन् शेवटी सारे मिळून हर हर महादेव. माझा बाप वर्षभर मुका, घरात चार शब्द बोलत नसे, पण पोळ्याच्या दिवशी झडतीले उभा राहिला की सरपंचाचीही सुटका नसे. आम्ही पोट्ट्या मागं उभ्या राहून ऐकायच्या. बायांनी म्हणायची पद्धत नव्हती, पण मले सगळ्या पाठ.

मग लग्न झालं, मालक इकडं विश्रांतवाडीत एका सोसायटीत वॉचमन, मी त्यांच्या मागं मागं पुण्यात आली. काय सांगू तुमाले, पहिलं वर्ष मी फक्त भीत होती. गाडीले भीत होती, लिफ्टले भीत होती, अन् माणसाले तर फारच. एकदा शहरात एका काकांना पत्ता विचारला, ते म्हणाले बाई, वाचता येतं का, मी म्हटलं सातवीपर्यंत शिकली, तर समोरच्या पाटीकडं बोट दाखवून म्हणाले, मग जमेल, ती पाटी चौथीच्या मुलांसाठी आहे. अन् निघून गेले. मी घरी येऊन रडली. आता हसू येते. आता मले माहीत आहे की पुण्याचा माणूस असा बोलला म्हणजे रागावला नाई, तो तसाच आहे.

लोकांच्या घरी पोळी-भाजी करायची कामं धरली. त्यातलं एक घर मेधाताईंचं. ह्या बाईंचे उपकार मी कुठं फेडू. त्यांचा व्यवसाय असा की शहरातली, परदेशातली माणसं घेऊन पुण्याच्या कडेच्या गावांत जायचं, पण हॉटेलात उतरवून, फोटो काढून परत, असं नाई. गावातल्या बायांच्या हातचं जेवायचं, गावातले वाजवणारे, गाणारे ऐकायचे, त्यांना सवड असेल तेव्हा जायचं, अन् जे पैसे मिळतील ते गावात राहिले पाहिजेत. एकदा सोबतीले म्हणून मले नेलं. मी कुठं बोलते, मी गेली ती सरळ चुलीजवळ जाऊन बसली, बाया भाकरी थापत होत्या, मीही थापाले लागली. परत येताना ताई म्हणाल्या, सुमन, मी दोन वर्षं ह्या गावात येते, मला ओसरीच्या आत कुणी बोलावलं नव्हतं. तू पोळ्या सोड अन् माझ्याबरोबर ये. मी म्हटलं ताई, मी सातवी. त्या म्हणाल्या, अगं, भाकरी थापताना तुला कुणी मार्कशीट मागितली का?

तर असं ते काम लागलं. दोन वर्षं त्यांच्या मागं फिरली, मग त्या म्हणाल्या, आता एक सहल तू एकटीनं ने. कुठली नेऊ, तर मीच म्हटलं, ताई, पोळा दाखवू या. आयुष्यात एकच गोष्ट मले पक्की येत होती, ती पोळा.

गाव आळंदी रस्त्याच्या आत, आता महापालिकेत आलेलं. एका बाजूनं टॉवर, दुसऱ्या बाजूनं टॉवर, मधी उरलेली शेतं, अन् सगळ्या गावात पाच-सहा बैलजोड्या राहिल्या होत्या. त्यातली एक अप्पांची. अप्पा म्हातारे, उंच, पांढरी टोपी, अन् त्यांची बायको हिराकाकू, तोंडानं फटकळ पण हातानं सढळ. त्यांचा मुलगा कंपनीत, तो दरसाल म्हणे, अप्पा, जोडी काढून टाका, हिला आता काम तरी काय हाय. अप्पा म्हणत, पुढल्या साली बगू.

मी जाऊन विचारलं, अप्पा, तुमच्याकडं पोळा करता का? करतो की, लई जोरात. मग त्या दिवशी मी पाहुणे आणू का? आण की. बस, एवढंच बोलणं. कोणत्या महिन्यात, हे मी विचारलं नाई, अन् त्यांनी सांगितलं नाई. कोण विचारेल हो? दिवाळी कधी आहे असं कोणी विचारते का? आमच्याकडं पोळा श्रावणाच्या अमावस्येले, कॅलेंडरवर छापलेला तोच, मेधाताईंनीही तोच दिवस धरला. दोन दिवस आधी मी काळजीनं फोन केला, अप्पांच्या सुनेनं उचलला. मी म्हटलं, येतो आम्ही परवा, सोळा जण, तयारी झाली का? ती म्हणाली, या की, तयारी कसली वो, रोजचंच हाय आपलं. मले वाटलं किती साधी माणसं.

गाडी गावात शिरली तर शांत. तोरण नाई, वाजंत्री नाई. गाडीत एक रिटायर्ड मास्तर होते, शहरातले, छत्री घेऊन आलेले, ते खिडकीतून पाहून म्हणाले, सण फारच साधेपणाने करतात वाटतं. अप्पांच्या गोठ्यावर गेलो, तर दोन्ही बैल गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, आरामात रवंथ करत, अन् अप्पा बनियनवर शेण काढत होते. आमाले पाहून खुश झाले. या या म्हणाले, अचानक? माझा फोन आल्याचं सून त्यांना सांगाले विसरली होती.

मी म्हटलं, अप्पा, आज पोळा ना?

अप्पांनी फावडं खाली ठेवलं. म्हणाले, आगं बाय, आमचा पोळा भादव्यात. भादव्याची आमुशा. अजून म्हयना हाय.

सोळा माणसं मागं उभी, कॅमेरे काढून. मास्तर म्हणाले, वा, पुणेकर वेळेच्या आधी पोचतात हे ऐकून होतो, पण महिनाभर? सगळे हसले, अन् मले वाटलं संपलं. हे काम गेलं, ताईंचं नाव गेलं, अन् माझ्यासारखीले पुन्हा कोण विचारणार, उद्यापासून पुन्हा पोळ्या. पोळ्या लाटणं वाईट नाई, पण मले ह्या कामाची चव लागली होती हो. लोक मले विचारत अन् मी सांगत होती, हे मले आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं.

मग मी जे केलं ते सांगाले लाज वाटते. अप्पांना बाजूले घेऊन हात जोडले. म्हटलं, अप्पा, झूल असेल ती काढा, शिंगाले थोडा रंग लावू, दोन घरं फिरवू, अर्ध्या तासाचं काम, माझी इज्जत राहील. अप्पा रागावले नाई, पण आवाज बदलला. म्हणाले, बैल म्हंजी काय नवरदेव हाय का, पावणे आले की बाशिंग बांधायला? वरीसभर राबतो त्यो. एक दिस त्याचा. त्यो दिस त्याचा हाय, पावण्यांचा न्हाय, आन माझाबी न्हाय. म्या न्हाय नटवणार.

बरोबर बोलत होते. मले माहीत होतं बरोबर आहे, माझा बापही हेच बोलला असता. म्हणूनच जास्त रडू आलं. हिराकाकू आतून आल्या, म्हणाल्या, काय झालं गं, रडतीस कशापाई, येळ चुकली तर चुकली, पावणे काय बैल खायला आलेत व्हय? मी म्हटलं, काकू, आमच्याकडं आजच पोळा आहे. खरंच आजच आहे. काकू म्हणाल्या, मग तुझ्या घरी केलं का काय? मी म्हटलं, पहाटे निघाली, काय करू. अन् गावाकडंही आता काई नाई, बाप गेला, भावानं गेल्या साली जोडी काढली, ट्रॅक्टर घेतला.

काकू अप्पांकडं वळून म्हणाल्या, ऐकलं का? हिचा आज सण हाय, आन हिला बैल न्हाय. आपल्याकडं बैल हाय, आन सण न्हाय.

अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, नटवायचं न्हाय म्हंजी न्हाय. पण तुझ्या घरचा सण असंल, तर बाय, तुझ्या बैलाला जे केलं असतंस ते माझ्या बैलाला कर.

मी दोन्ही बैल धुतले. गाडीतली एक कॉम्प्युटरवाली पोरगी होती, तिनं कॅमेरा बाजूले ठेवला अन् पाणी ओताले आली. काकूंनी हळद अन् तूप दिलं, मी ते कोमट करून बैलाच्या खांद्याले चोळलं, जिथं जू बसते तिथं. आमच्याकडं हे आदल्या दिवशी करतात अन् गडी माणसं करतात, पण मी त्या दिवशी दिवस मोजायच्या स्थितीत नव्हती. चोळता चोळता मी पाहुण्यांना सांगू लागली, हा खांदा पाहा, हे घट्टं पाहा, हे एका दिवसात पडत नाई, अन् हात लावायचा तर आधी त्याच्या तोंडासमोर या, मागून नका येऊ. एकेक जण आला. मास्तरांनी छत्री पोरीकडं दिली, दोन बोटांनी तूप घेतलं, खांद्याले लावलं, अन् हात तिथंच ठेवून उभे राहिले. म्हणाले, अहो, हे तर चपलेच्या टाचेसारखं झालंय. अप्पा म्हणाले, त्याच खांद्यावर माझं घर उभं हाय, मास्तर. मास्तर टोमणा मारायच्या ऐवजी पुन्हा तूप घेऊन दुसऱ्या बैलाकडं गेले. पुण्यात हे पहिल्यांदाच पाहिलं मी.

मग काय झालं माहीत नाई, बापाची आठवण आली म्हणा की भीती निघून गेली म्हणा, कारण जे जायचं ते गेलंच होतं, मी तिथंच गोठ्यात उभी राहून झडती म्हटली. त्याच घडीले जुळवली, बाईनं म्हणू नये ती म्हटली:

मोटारीतून पाहुणे आले, नटून थटून सोळा,
बैल म्हणे सुमीबाई, महिन्यानं हाय पोळा!
बोला, हर हर महादेव!

हिराकाकू इतक्या हसल्या की खालीच बसल्या. अप्पांनी म्हटलं, आणिक एक. मी मास्तरांच्या छत्रीवर एक केली, मास्तरांनी उलट माझ्यावर एक जुळवली, यमक चुकलं, पण हर हर महादेव सगळ्यांनी केलं. शेजारची माणसं जमली, काय चाललंय म्हणून. जेवाले पिठलं-भाकरी अन् ठेचा, सणाचं काहीच नाई, ओसरीत पंगत बसली. काकू वाढताना म्हणत होत्या, पुरणपोळी पायजे असंल तर भादव्यात यावं लागंल.

परत निघालो तर मास्तर गाडीत उभे राहिले. मी म्हटलं आता तक्रार. ते म्हणाले, बाई, भाद्रपदातली माझी जागा लिहून ठेवा. फक्त तारीख तुम्ही काढू नका, ह्या लोकांना विचारा.

दुसऱ्या दिवशी मेधाताईंकडं गेली, सगळं सांगितलं, अप्पांना झूल काढा म्हटलं तेही सांगितलं, लपवलं नाई. ताई म्हणाल्या, कॅलेंडर मी पण पाहिलं होतं, गावाला विचारायचं मलाही सुचलं नाही, अन् मी शिकलेली. झूल काढा म्हणालीस ते मात्र चुकलं. मी म्हटलं हो. म्हणाल्या, मग भाद्रपदाचं तूच बघ. एवढंच. मी जिन्यात येऊन बसली.

तेव्हापासून तिथं गाव सांगेल तेच चालते. भादव्यात अप्पांनी गावकऱ्यांना बसवून ठरवलं, की पाहुणे बैल धुवाले येतील, मिरवणुकीत मागं चालतील, पुढं नाई, बैलावर बसणार नाईत, अन् जेवण गावातल्याच पाच-सहा घरी, पाळीपाळीनं. ज्या घरी बैल नाई त्या घरालेही पाळी. डीजे बंद केला, बंद पडलेलं लेझीम पुन्हा काढलं, कारण मास्तरांनी विचारलं होतं की तुमचं स्वतःचं काई वाजत नाही का. अन् श्रावणाच्या अमावस्येलेही पाच-दहा माणसं येतात, तूप-हळद लावाले, त्याले गावात सुमीचा पोळा म्हणतात. मी कितीदा म्हटलं असं म्हणू नका, मले लाज वाटते. अप्पा म्हणतात, चूक तुझी, मग नावबी तुझंच.

आता वर्षं झाली. अप्पा थकले, दिसते कमी, पण हात फिरवून खांदा पाहतात. मुलगा अजून म्हणतो जोडी काढू, पण आता पोळा झाल्यावर म्हणतो, आधी म्हणत नाई, अन् पोळा झाला की काकू म्हणतात, पुढल्या साली पावण्यांनी जागा धरलीय, आता कशी काढतोस. टॉवर तर वाढतातच, ते कोण थांबवणार, जोड्या चारच उरल्या आहेत, कधीतरी त्याही नसतील, हे मलेही कळते. पण ह्या साली आहेत.

माझी भीती काई गेली नाई हो. अजून सहलीच्या आधी मी तीन तीन वेळा फोन करते, कोणता दिवस, नक्की का, कोणती अमावस्या, अन् अप्पांची सून म्हणते, अवो सुमनताई, आमुशा काय पळून चाललीय का, घरी बसून वाट बगतीय तुमची. मी हसते अन् चौथ्यांदा विचारते. लिहा ताई, एवढं लिहा, की घरापासून इतकी लांब येऊन मी ज्यांच्या दारात चुकली त्यांनी मले हाकललं नाई, जेवू घातलं. देव त्यांच्या दावणीले बैल ठेवो, अन् काकूंच्या चुलीवर तवा तापता ठेवो.