आवाज करणारा दाखवा

नाही नाही ताई, तुम्ही पुन्हा चांगलाच काढताय. वाईट दाखवा म्हटलं ना मी. हा बघा, उघडलात तर झाकण कुरकुरलंसुद्धा नाही — असला तर माझ्याकडेच आहे, ह्या खोक्यात, नवाकोरा, तुमच्याच दुकानातून आलेला, तोच तर परत करायला आणलाय. बिघडला? छे छे, बिघडला असता तर कशाला आणला असता, देव्हाऱ्यात ठेवला असता. तो बिघडतच नाही, हेच तर दुखणं आहे. तुम्ही असं करा, हा महागातला ठेवून घ्या आणि दुकानात सगळ्यात स्वस्त, सगळ्यात रडका, कुणी ढुंकूनही बघत नाही असा जो लॅपटॉप असेल तो मला द्या. वरचे पैसे? ते राहू देत तुमच्याकडेच. मला पैसे नकोत, मला आवाज हवाय.

हसा, हसा. मला राग नाही यायचा. पण बसतो जरा, चालेल ना? हं. आता नीट सांगतो. ह्याला पंखाच नाही म्हणे आत. मी कान लावून ऐकलं ना — मढ्यासारखा गप्प. तापतही नाही. आता मला सांगा, एवढं मोजून घ्यायचं आणि त्या वस्तूने ना आवाज करायचा ना तापायचं, म्हणजे पैसे गेले कुठे? आमचा जुना होता तो बघायला हवा होतात. जावयाने घेऊन दिलेला, अगदी स्वस्तातला. मी जन्मभर पिठाची गिरणी चालवली ताई, पट्टा फिरायला लागला की समोरच्याशी हाताने बोलायचं — म्हणून तर अजून असा ओरडून बोलतो, तुम्हाला वाटलं असेल भांडायला आलाय म्हातारा — तर आमची गिरणीसुद्धा त्याच्यापुढे लाजली असती. सुरू केला की आधी धाप लागायची त्याला, मग घरघर, मग असा काही घुमायला लागायचा की टेबलावरचे चमचे चालत कडेला यायचे. शेजारचं मांजर त्याच्या मागच्या गरम वाऱ्यात येऊन झोपायचं. बंद केला की उठून जायचं, वर आमच्याकडे असं बघायचं की जसं काही त्याचं भाडं भरलंय.

आणि चित्र! चित्र म्हणजे काय — चौकोन, चौकोन, चौकोन. लेक तिकडे परदेशात, ती बोलायची ते आधी ऐकू यायचं आणि तोंड मागाहून हलायचं. आम्ही दोघं तिला कसे दिसायचो देव जाणे, पण पसरट दिसायचो एवढं नक्की, कारण दर वेळी म्हणायची, "आई, अंग भरलंय गं तुझं, बरं वाटलं बघून." ऐकलंत? बरं वाटलं बघून! आता ह्या नव्यात ते होईल का? नाही व्हायचं. ह्याच्यात बाई जशी आहे तशी दिसते. कुणी मागितलंय ते?

चोख चालायचा हो आमचा कारभार. त्या जुन्याला खालून भोकं होती, श्वास घ्यायची. तिथे उशी सरकवली की कोंडायचा बिचारा आणि पंखा असा काही सुटायचा की विचारू नका. उशी माझ्याकडे. ही बोलायला बसायची आणि मी शेजारी, उशी मांडीवर घेऊन, पोर सांभाळल्यासारखी. टेबलाखाली हिने माझ्या गुडघ्यावर टकटक केली की समजायचं, येतोय. मग मी उशी आत — घूंऽऽ! लेक तिकडे कानांवर हात ठेवायची. "बाबा, गप्प करा ना त्याला!" "करतो गं, करतो," म्हणायचो आणि उशी आणखी दाबायचो. तोवर हिचं इकडे आटोपलेलं असायचं. पदराने तोंड पुसून ही पुन्हा हसत समोर. नाटक कंपनीत जायला हवं होतं आम्ही, तुम्हाला सांगतो —

काय येतोय म्हणजे? काही नाही. खोकला. साधा आहे. म्हणजे साधा होता आधी.

पण आमचीच अक्कल आमच्या अंगाशी आली बघा. उशी जास्त दाबली मी. लेकीला वाटलं, आईबाप असल्या भंगारावर बसून बोलतात आणि मी इथे चांगलंचुंगलं वापरते — जिवाला लागलं तिच्या. न सांगता न विचारता दुकानातला सगळ्यात भारी मागवला, थेट घरी. तुमचा माणूस आला, गोड मुलगा, चहासुद्धा नाही घेतला, हा मांडून दिला आणि जाताना जुना उचलून घेऊन गेला, म्हणे बदल्यात द्यायचा ठरलाय. मी दारापर्यंत मागे गेलो त्याच्या. म्हटलं, अहो तो राहू द्या. तर म्हणतो, "काका, ह्याच्यात काही राम नाही." कुठे असतो हो तो आता? मोडून टाकला? सगळाच? पंखापण?

बरं. बरं.

मग आमच्या शेजारच्या मास्तरीणबाई, मायाळू बाई, म्हणाल्या मी माझ्या घरून लावते, तुम्ही इकडून बघा, म्हणजे लेकीचा फोन आला की घोटाळा नको. लावला. लावला आणि पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "अहो काका, मागे फळीवरच्या औषधाच्या बाटल्यांवरची नावं वाचता येतायत मला!" मला अक्षर येत नाही ताई, मला आजवर वाटायचं बाटल्या बाटल्यांसारख्या दिसतात. ह्याला वाचता येतं! त्या मी लगेच पलंगाखाली सरकवल्या. ते झालं नाही तोच बाई विचारतात, "कुत्रा कधी पाळलात?" आता काय सांगणार. ही होती हो, आतल्या खोलीत. मधलं दार लोटलेलं, ही तोंडावर रजई घेऊन बसलेली, तरी ह्याने ऐकलं. एवढे तिखट कान माणसाला नसतात, मशिनला कशाला द्यायचे? मी म्हटलं, हो, पाळलाय. मग बाई म्हणाल्या, दाखवा ना. आता ही रजईतून खोकता खोकता हसायला लागली, हसली की आणखी खोकला, आणि मी इकडे "गप, गप रे" करतोय, कुत्र्याला.

लेकीला सांगत का नाही? आली असती ना ती. तिचे दिवस भरत आलेत ताई, पहिलीच खेप, तिथल्या डॉक्टरने जागचं हलू नको म्हटलंय. पण हिला ठाऊक आहे लेकीचा स्वभाव. कळलं की रडत विमानात बसेल, पोटात ते लेकरू घेऊन. म्हणून ही म्हणते, एकदा ती मोकळी होऊ दे, मग सांगू, मग मीही ॲडमिट होते. हो, ॲडमिट व्हा म्हणालेत ना डॉक्टर. आमच्या इथले. म्हणाले, थांबू नका. ही म्हणाली, थांबते. आमच्यात ही म्हणेल तसं असतं. आणि मला विचाराल तर बरी आहे हो तशी. रोज उठते, स्वैपाक करते, माझ्या शर्टाची बटणं लावून देते. मी बघतोच ना रोज. थोडी वाळलीय, वय झालं की वाळतंच माणूस. आज संध्याकाळी फोन आहे लेकीचा, एवढी संध्याकाळ निभावली की पुढचं पुढे. म्हणून घाई.

काय? हे काय दाखवताय? ह्याच्याहूनही महागातल्यात — थांबा, सावकाश सांगा — मागचा आवाज गाळायची सोय? म्हणजे पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरच्या गाड्या, सगळं गाळून टाकतो? आणि पुढे काय पाठवतो? फक्त माणसाचा आवाज. हं. आता मला सांगा, खोकला ह्याच्या लेखी काय आहे? नाही, तुम्ही हसू नका, ही कामाची गोष्ट आहे. खोकला माणसाचा धरतो की गाड्यांच्यात धरतो? तुम्हालाही माहीत नाही? कुणी विचारलं नाही आजवर? मग एवढ्या वस्तू विकताय कशा तुम्ही! करून बघायचं म्हणता? बघू की. गाळत असेल तर हाच द्या, महाग तर महाग, जावयाला मी समजावतो. पण मी खोकून चालायचं नाही, माझा खोटा असतो. ही आलीय ना बरोबर. बाहेर बाकावर आहे, तुमच्या ह्या थंड हवेने उबळ येते म्हणून आत नाही आली. थांबा, मी हाक मारतो.

अगं! ए! ये आत. जरा खोकायला बोलावतायत.

हळू, पायरी आहे. ताई, ती खुर्ची द्या. बस. घाबरू नकोस, कुणाला लागलेला नाही फोन, नुसतं बघतायत. ह्याच्यात बघ. स्वेटर नीट कर. मी तुझ्या मागे उभा राहतो, हा बघ. ताई, तुम्ही दुसऱ्याच्यात ऐका आणि मला सांगा आलं का ऐकू. हं गं, खोक आता. अशी कशी येत नाही? एरवी बोलावल्यावाचून येते की. बरं, घाई नको, येईल. मी बघतो तोवर तुझ्याकडे, चित्रात —

ताई, हे चित्र बरोबर आहे ना?

नाही, म्हणजे ह्याच्यात माणूस बारीक नाही ना करत? नाही. नाही करत. गळ्याशी हे जे — स्वेटरची पट्टी आणि मान ह्यांच्यामध्ये माझा हात जाईल अख्खा. आणि हे गालाचं हाड. हिचा चेहरा गोल आहे हो. गोल होता. मी रोज बघतो ना हिला, मी रोज —

काही नाही गं. दिसतेयस. छान दिसतेयस. हो, आला खोकला, ऐकला मी. ऐकला. पुरे.

ताई, राहू द्या. गाळलाय का नाही ते राहू द्या आता. आमचा खोका आहे तसा चिकटवून द्या, आम्ही तोच ठेवतो. संध्याकाळी लेक विचारेल, तर विचारेल, जावई आहे तिच्यापाशी, तो धरून ठेवील तिला. मी बोलतो तिच्याशी. अगं, ऊठ. घरी नाही, दवाखान्यात. हो, आत्ताच. तू म्हणशील तसं उद्यापासून. चल.

नाही ताई, दुसरा नका दाखवू. खोका इथेच असू दे, नेईन नंतर. हिला वाट द्या जरा. सरका.