जेवताना फक्त इंग्लिश

बाबा : ‘डिस्कस अबाउट’ नव्हे, मंजू. नुसतं ‘डिस्कस’. ‘टॉक’ला ‘अबाउट’ लागतं, ‘डिस्कस’ला नाही.

आई : का हो? दोन्हीकडे बोलायचंच असतं ना?

बाबा : कलावती, जेवताना काय ठरलंय आपलं?

आई : आपलं नाही, तुमचं. मंजू पाचवीत गेली तेव्हा ठरवलंत. आता पोरगी बी. ए. झाली, तरी मी अजून डाव दाखवूनच विचारतेय, वाढू का म्हणून. आणि मास्तरांना समजावून सांगायला तेवढं मराठी चालतं!

बाबा : सोमवारी ठाण्याला तिचा इंटरव्ह्यू आहे. माझ्या इंग्लिशला तिथल्याच एका कंपनीत साहेब तोंडावर हसला होता, ठाऊक आहे ना? हिला नको कुणी हसायला.

आई : बरं, राहिलं. पण अहो, मला एक सांगायचंय—

बाबा : इंग्लिश, प्लीज.

मंजुळा : बाबा, लेट हर टू स्पीक!

बाबा : ‘लेट हर स्पीक’. मध्ये ‘टू’ येत नाही.

मंजुळा : लेट हर स्पीक.

बाबा : आफ्टर डिनर.

आई : काय म्हणाले गं?

मंजुळा : जेवण झाल्यावर बोल म्हणतायत.

आई : जेवण झाल्यावर ह्यांची ट्युशनची पोरं येतात. जाऊ दे. उद्या सांगेन, घाई नाही. अगं, भात घे ना, एवढ्याशानं काय होतंय?

(डोंबिवली, १९८९. आईचं तेरावं होऊन पाहुणे गेले आहेत. स्वयंपाकघरात दोघंच.)

बाबा : नाथा गेला कोलशेतला?

मंजुळा : मामा दुपारीच गेला.

बाबा : काही बोलला? त्या रात्री काय सांगायचं होतं, ते कलावतीनं भावाला तरी आधी सांगितलं असेल.

मंजुळा : मी विचारलं. त्याला माहीत नाही. शेजारच्या रंभाकाकूंनाही विचारून आले.

बाबा : मग तुला सांगितलं असणार. मी झोपल्यावर तुमची कुजबुज चालायची रोज.

मंजुळा : त्या रात्री नाही चालली. मी इंटरव्ह्यूचं वाचत बसलेले. सकाळी दूध करपल्याचा वास आला म्हणून उठले, तर ती ओट्यापाशी पडलेली.

बाबा : छातीत दुखतंय, असं सांगायचं असेल का?

मंजुळा : माहीत नाही, बाबा.

बाबा : घाई नाही म्हणाली होती. म्हणजे ते नसेल. माहेरी जायचं असेल चार दिवस. हो ना?

मंजुळा : खरंच माहीत नाही.

बाबा : तिनं रेटून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का? तूच सांग. नियम तुझ्या भल्यासाठी होता, मंजू. तिच्याविरुद्ध नव्हता.

मंजुळा : जेवा. गार होतंय.

बाबा : नो, लिसन. यू मस्ट अंडरस्टँड. आय ओन्ली वॉन्टेड—

मंजुळा : मराठीत, बाबा.

बाबा : सवय गं. रागावलीस?

मंजुळा : हो.

बाबा : आत्ता?

मंजुळा : पाचवीपासून. ती सगळं हसण्यावारी न्यायची. तिच्या वाटचाही राग मलाच यायचा, बाबा. अजून येतो.