मानखुर्दचं गिऱ्हाईक

विद्याधर : लवू, रिक्षाची सातशे रुपयांची पावती? अंधेरीहून सुरतेला गेलेलास की काय?

लवू : आरे कॉलनीत फिरलो यार, तबेल्या-तबेल्याने!

विद्याधर : आणि रिक्षावाल्याची पावती तुझ्याच अक्षरात?

लवू : त्याला लिहिता येत नव्हतं. मदत केली.

विद्याधर : आयकरवाल्याला हे मी तोंड वर करून सांगू? तुझ्या विम्याच्या कमिशनमधून प्रवासखर्च वजा होतो, पण धंद्यासाठी केलेलाच. बरं, ही रेल्वेची तिकिटं कोणी टाचली? झकास काम आहे.

सुलक्षणा : मी. ह्यांचे शर्ट धुण्याआधी खिसे मीच उपसते. महिन्याप्रमाणे लावलीत.

विद्याधर : वहिनी, माझ्या ऑफिसात नोकरीला या. मुलुंड, ठीक. घाटकोपर, ठीक. हे मानखुर्द काय? वर्षभर दर गुरुवारी! तिथे तुझी एकही पॉलिसी नाही.

लवू : ते... होणारं गिऱ्हाईक आहे.

सुलक्षणा : वर्षभर होतंयच?

लवू : विचार करतोय तो.

विद्याधर : नाव सांग, लिहितो. खाली सही तुझी. खोटं निघालं तर वाट लागेल.

लवू : नाव कशाला हवं?

सुलक्षणा : लिहा, दशरथ. आडनाव आमचंच.

(विद्याधर पेनाला टोपण लावतो.)

लवू : तुला माहीत होतं?

सुलक्षणा : मानखुर्दात तुमच्या भावाशिवाय कुत्रं तरी ओळखतं का तुम्हाला?

लवू : मिल बंद पडली, बायको वारली. दादा एकटाच बसून असतो गं. पत्त्यांचे दोन डाव मांडतो आम्ही, बस. त्याच्याकडे जायचं नाही अशी तू शपथ घातलेलीस, म्हणून बोललो नाही.

सुलक्षणा : घातलीच होती! माझ्या वडलांना बारशाच्या पंगतीतून उठवलं त्या माणसाने, भरल्या ताटावरून. अजून राग येतो मला.

लवू : मग तिकिटं फेकून द्यायचीस. टाचलीस कशाला?

सुलक्षणा : आपल्या तोंडाने कधी सांगताय ते बघत होते.

विद्याधर : वहिनी, मानखुर्दची काढून टाकू ना?

सुलक्षणा : काढा. घरच्या माणसाकडे जायला सरकारचे पैसे नकोत. आणि तुम्ही, ह्यापुढे गुरुवारी जायचं नाही.

लवू : सुलू, अगं, असं नको ना करू...

सुलक्षणा : बुधवारी जा. गुरुवारी आपल्याकडे मासे शिजत नाहीत, मग डब्यात काय देऊ? त्या माणसाला बांगड्याशिवाय जेवण घशाखाली उतरत नाही.