आई टोरांटोला निघाली तेव्हा

खरं लपवण्यात आपल्या घरात आपणच हुशार, असं मला परवापर्यंत वाटायचं.

माझ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण टोरांटोला होतं आणि आईला तिच्याजवळ जायचं होतं. आई अकोल्याच्या जुन्या शहरात फुलं विकते. तिचे गुडघे इतके दुखतात, की तासभर बसली तरी उठताना माझा हात लागतो. तिकीट आलं तेव्हा तिने वेळ विचारली, मी वाचून दाखवली.

"दिल्लीहून सकाळी आठले निंगते अन् त्याच दिवशी दुपारी अडीचले पोयचते? म्हंजे साडेसहा घंटे. बसीन मी!"

खरं तर अंतर साडेअकरा हजार किलोमीटर आणि प्रवास सोळा तासांचा. तिकडचं घड्याळ आपल्या मागे, म्हणून तसं दिसतं. पण ऐकून ती जायचंच रद्द करेल, या भीतीने मी गप्प बसलो.

दिल्ली विमानतळाच्या दारात मात्र राहवेना. म्हटलं, "आई, साडेसहा नाही, सोळा घंटे लागतात. मी तुह्यापासून लपवलं."

"मले मायीत हाये. पोरीनं तवाच फोनवर सांगतलं."

"मंग महिनाभर साडेसहा घंटे काहून म्हनत होती?"

"सोळा म्हनली असती तं माह्ये टोंगळे पाहून तूच तिकीट रद्द केलं असतं, बाप्पा. आता ते चाकाची खुर्ची बोलाव. अन् डोये पूस, पोरीचा फोन येऊन राहिला."