सेंटरिंग कधी काढायची

(फिजिओथेरपीची खोली. मधोमध उंच खाट, तिच्यावर पाय पसरून मिस्त्री. डाव्या पायाचा मांडीपासून पोटरीपर्यंतचा जाड पट्टा नुकताच सोडून बाजूला ठेवलेला. स्टुलावर त्याची बायको. खाटेपाशी उभी फिजिओ.)

फिजिओ : मग हा वळ कसला उठलाय, काका? पट्टा फक्त चालताना लावायचा होता. बसलं की काढायचा आणि गुडघा वाकवायचा. हा वळ रात्रंदिवस बांधून ठेवल्याचा आहे.

मिस्त्री : माझी कातडीच नाजूक आहे.

फिजिओ : हात बघा तुमचे. सिमेंट कालवून कालवून दगड झालेत, आणि म्हणे कातडी नाजूक!

बायको : ताई, घाम फार येतो ना त्यांना, म्हणून असेल...

फिजिओ : काकू, दर आठवड्याला मी फोन करत होते. तुम्ही काय सांगत होतात मला?

बायको : काय सांगणार... सगळं बरं आहे म्हणत होते.

फिजिओ : “व्यायाम चालू आहे ताई, तुम्ही सांगितलात तस्सा.” हे तुमचे शब्द. काका, वाकवा बघू गुडघा.

मिस्त्री : वाकवतोय.

फिजिओ : वाकवा.

मिस्त्री : वाकवतोय म्हणतो ना! एवढाच होतो.

फिजिओ : एवढ्यात तुम्हाला खुर्चीवरसुद्धा धड बसता येणार नाही. ऑपरेशनला दीड महिना झाला. एव्हाना काटकोनाच्या पुढे जायला हवा होता पाय.

मिस्त्री : येईल गुण्यात. वेळ लागतो.

फिजिओ : कशात?

बायको : गुण्या हो, ताई. काटकोन बघायचं हत्यार असतं त्यांचं. भिंतीचा कोपरा सरळ आहे का बघायला.

फिजिओ : मग गुण्यात यायला फार वेळ नाहीये तुमच्याकडे. सर्जन आत्ता खाली ऑपरेशनमध्ये आहेत, ते झालं की इकडे येणार. पाय त्यांना असाच दिसला तर उद्या भूल देऊन जोर लावून वाकवतील.

मिस्त्री : वाकवू देत की. मला कळणारपण नाही.

फिजिओ : तुम्हाला नाही कळणार. गुडघ्याला कळेल. शिडीवरून पडलात तेव्हा आतली गादी फुटून खड्डा पडला होता. तुमच्याच गुडघ्यातल्या चिमूटभर पेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्या खड्ड्यात बसवल्या. ते अजून पुरतं रुजलेलं नाही. जोर लावताना उखडलं, तर पुन्हा पेशी काढायला तिथे फारसं काही उरलेलं नाही.

बायको : म्हणजे? उखडलं तर काय?

फिजिओ : तर शिडी विसरायची. उकिडवं बसणं विसरायचं. काम विसरायचं, काकू.

मिस्त्री : अहो, मग मी वेगळं काय म्हणतोय? नवीन आहे, कच्चं आहे, हलवलं की उखडणार. म्हणून तर बांधून ठेवला पाय! आणि तुम्ही मलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय.

फिजिओ : जोर लावून वाकवणं वेगळं आणि रोज हळूहळू वाकवणं वेगळं. पाय हलला, थोडा थोडा भार आला, की त्या पेशींना कळतं आपण गुडघ्यात आहोत. मग त्या गुडघ्याची गादी बनतात. नुसतं बांधून ठेवलं तर आतले पदर एकमेकांना चिकटून बसतात. तेच झालंय तुमचं. कोणी सांगितलं होतं बांधून ठेवायला?

मिस्त्री : कोणी कशाला सांगायला पाहिजे? हयात गेली माझी यात. स्लॅब ओतला की सेंटरिंगला बोट लावायचं नाही. टेकू टेकूच्या जागी, फळ्या फळ्यांच्या जागी. घाई केली की सगळं डोक्यावर.

बायको : अहो, नका ना.

फिजिओ : काका, बोलता बोलता वर काय बघताय?

मिस्त्री : काही नाही. तुमच्या छताला ओल धरलीय त्या कोपऱ्यात.

बायको : कुठंही गेले तरी आधी छत बघतात. झोपायच्या आधी तर हमखास. भावजी गेले तेव्हापासून.

मिस्त्री : तुला कुणी विचारलं?

बायको : नाही विचारलं. कुणीच विचारत नाही, म्हणून तर सांगतेय.

फिजिओ : काका, काय झालं होतं?

मिस्त्री : काय व्हायचंय. ठेकेदाराला फळ्या दुसऱ्या इमारतीवर न्यायच्या होत्या. मी म्हटलं, स्लॅब अजून कच्चा आहे, हात लावू नका. बाहेर त्याच्याशी हमरीतुमरीवर आलो होतो, तेवढ्यात आत त्याच्या माणसांनी टेकू सोडले. माझा धाकटा भाऊ आतच होता, आमची हत्यारं गोळा करत. आधी आवाज आला. कर्र असा. एवढाच. मी वळलो तोपर्यंत...

फिजिओ : मला हे माहीत नव्हतं.

मिस्त्री : कसं असणार? तुम्ही गुडघ्याचं विचारता.

फिजिओ : खरंय. पण काका, गुडघा म्हणजे स्लॅब नाही.

मिस्त्री : तुम्ही म्हणणार. तुमच्या सर्जनसाहेबांनी घरी सोडताना काय सांगितलं? “खड्डा भरलाय, आता जपा.” जपा म्हणजे काय करायचं हो माणसानं?

फिजिओ : हं. तिथे आमचं चुकलं. नुसतं “जपा” म्हणून सोडायला नको होतं.

मिस्त्री : मग! मी जपला.

बायको : आणि पाणी?

मिस्त्री : कसलं पाणी?

बायको : स्लॅब ओतल्यावर टेकू लावून नुसता ठेवून देत होतात? पाणी कोण मारायचं त्याच्यावर?

मिस्त्री : त्याचं इथं काय?

बायको : मी मारत होते. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून. आपली ओळखच तिथली. एकदा तापानं फणफणले म्हणून कामावर आले नाही, तर खोलीवर येऊन आकाशपाताळ एक केलंत. स्लॅब तडकेल, स्लॅब तडकेल! माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही बघितलात, आणि स्लॅबची काळजी.

मिस्त्री : तडकतोच. कोरडा पडला की तडकतो.

बायको : खाली सेंटरिंग असली तरी?

मिस्त्री : ...असली तरी.

बायको : मग दीड महिना या गुडघ्याला पाणी कुणी मारलं? ताई वेगळं काय सांगतात? टेकू ठेवायचा आणि रोज पाणीही मारायचं. एवढं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मिस्त्री : मग दीड महिना तू का तोंडात मूग गिळून बसलीस?

बायको : घाबरले म्हणून! पट्ट्याला हात लावला की तुमचा चेहरा व्हायचा तसा. भावजींना बाहेर काढलं तेव्हा झाला होता, तसा. माझ्याच्यानं बघवेना. म्हणून ताईंनाही खोटं सांगितलं. चुकलं माझं, ताई.

फिजिओ : ते नंतर. आत्ता सर यायच्या आत मला काहीतरी दाखवण्याजोगं हवंय. काका, मी ढकलणार नाही. माझा हात नुसता गुडघ्यावर. टाच खाटेवर घासत तुम्हीच स्वतःकडे ओढायची. काकू, तुम्ही इकडे पायाशी या.

मिस्त्री : आणि तुटलं तर?

फिजिओ : तुम्ही स्वतः, बेतानं ओढताय, त्यानं नाही तुटत. दुखेल, ताण बसेल. कळ आली तर थांबायचं. ओढा. श्वास का धरलात? सोडा. हं. आणखी थोडा.

मिस्त्री : ओढतोय... अडकलं.

फिजिओ : अडकलं तिथे थांबा. घाई नाही. आता परत.

मिस्त्री : थांबा! आवाज झाला!

फिजिओ : दुखलं?

मिस्त्री : आवाज झाला म्हणतोय ना! कर्र! हात काढा! काढा आधी!

फिजिओ : काका, माझ्याकडे बघा. वर नाही, माझ्याकडे. माझा हात गुडघ्यावरच आहे. काहीही झालेलं नाही हाताखाली. कळ आली का, तेवढंच सांगा.

मिस्त्री : ...नाही. कळ नाही.

बायको : अहो, खाट वाजली. मी टेकले ना हिला. हे बघा.

मिस्त्री : परत टेक.

बायको : हे घ्या.

मिस्त्री : ...खाट आहे.

बायको : खाटच आहे.

मिस्त्री : खाटेच्या त्या पायाचा बोल्ट ढिला झालाय. एवढा मोठा दवाखाना, आणि कुणाला एक पाना मिळेना.

फिजिओ : मी आणून देते पाना, तुम्ही बसवा. उकिडवं बसून बसवायचा, बरं का. तोवर टाच ओढा.

मिस्त्री : आई गं... ओढतोय.

फिजिओ : छान. तिथेच धरा. कोन बघते मी.

बायको : आला का हो गुण्यात?

फिजिओ : नाही, काकू. अजून बराच कमी आहे.

बायको : मग उद्या ते भूल देऊन...

फिजिओ : थांबा. मघापेक्षा पुढे आलाय. आणि दगडासारखा अडत नाहीये, अडला तरी पुन्हा सरकतोय. त्याचाच अर्थ, घट्ट चिकटून बसलेलं नाही. मी सरांना म्हणेन, भूल नको, थोडे दिवस माझ्याकडे द्या.

मिस्त्री : ऐकतील?

फिजिओ : आधी चिडतील. मग म्हणतील, तुझ्या जबाबदारीवर. तो शब्द मी तुमच्या भरवशावर देणार, काका. घरी जाऊन तुम्ही परत पट्टा आवळून बसलात, तर तुमचा गुडघा जाईल आणि पुढच्या माणसासाठी माझा शब्द कुणी धरणार नाही.

मिस्त्री : भीती जाईल असं नाही म्हणत मी.

फिजिओ : भीती राहू दे. पट्टा काढा म्हणजे झालं.

बायको : मी काढेन. ओरडले तरी काढेन. ताई, आता रोज मी स्वतः फोन करेन, आणि हे वाकवत असतील तेव्हा त्यांच्याच कानाला लावेन. कण्हणं ऐकून घ्या तुम्ही.

मिस्त्री : माझी अब्रू तेवढी शिल्लक होती.

फिजिओ : जिन्यात पावलं वाजताहेत. सरच असणार. काका, झोपूनच दाखवू. पडा मागे. आणि त्यांच्यासमोर तुम्हीच ओढायची टाच, मी हात लावणार नाही.

मिस्त्री : हं. उशी द्या. बरं, सांगा त्यांना, मी तयार आहे.

बायको : अहो...

मिस्त्री : आता काय?

बायको : आज पडताना वर बघितलं नाहीत.

मिस्त्री : असू दे. तू पायाशी थांब.